मदत हवी आहे: लिनक्सच्या रेडमधून डिस्क सारखी बाहेर पडते

नमस्कार मंडळी. घरच्या सर्व्हरवर चार साध्या डेस्कटॉप डिस्कांचं सॉफ्टवेअर रेड ५ आहे (चारही मिळून एकच साठा, एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो). एखादा सेक्टर वाचता आला नाही की डिस्क मिनिटभराहून जास्त झगडत बसते. कर्नल (लिनक्सचा गाभा) मात्र ३० सेकंदांतच धीर सोडून लिंक रीसेट करतो, आणि डिस्क रेडबाहेर!

स्मार्टसीटीएल या डिस्क तपासायच्या टूलने एससीटी ईआरसी (बिघडलेला सेक्टर वाचायचा प्रयत्न डिस्कने किती वेळात सोडायचा ती मर्यादा) ७० लावलं; एकक सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे ७ सेकंद. दोन डिस्कांनी ऐकलं, उरलेल्या दोघींत ती सोयच नाही (स्वस्तातल्या घेतल्या, आता भोगतोय). त्यांच्यासाठी कर्नल किती थांबतो तो टाइमआउट सिसएफएसमधून (कर्नलच्या सेटिंग्ज जिथे फाइलींसारख्या दिसतात) १८० सेकंद केला, तेव्हापासून शांतता आहे. पण रीबूट केलं की पुन्हा ३०!

यूडेव्ह रूलमध्ये (डिस्क सापडली की सेटिंग आपोआप लावणारा नियम) नेमक्या याच दोन डिस्क सीरियल नंबरवरून कशा पकडायच्या? एसडीए, एसडीबी ही नावं बूटगणिक बदलतात. कोणाकडे चालता रूल आहे का?