फाइन फेस्क्यू: मिश्रण कशाला, एकच जात पेरा की!

झाडाखालचा: फाइन फेस्क्यू, म्हणजे लॉनची बारीक पातीची गवतं, म्हटलं की जो तो मिश्रणाच्या बियांची पिशवी गळ्यात मारतो. मीही त्यातल्या तीन जाती, क्रीपिंग रेड, चुइंग्ज आणि हार्ड, एकत्र पेरल्या. तिसऱ्या वर्षी गुडघे टेकून बघितलं, तर हार्डचे निळसर झुपके एकीकडे, चुइंग्जची दाट हिरवी गादी दुसरीकडे. लॉन कसलं, ठिगळांची गोधडी! माझं मत: फक्त हार्ड फेस्क्यू. हळू वाढतं, त्यामुळे कापणी कमी. कोरड्यात तग धरतं. वर्षाला चौरस मीटरमागे 5 ते 10 ग्रॅम नत्रात भागतं.

मुळाशी_जाऊ: साफ असहमत. हार्डला उन्हाळ्यात समर पॅच हा मुळांचा बुरशीरोग गाठतो. सगळं एकाच जातीचं असेल तर रोगाला रान मोकळं. शिवाय हार्ड झुपक्यानं वाढतं, जमिनीखालून पसरत नाही. टक्कल पडलं की पडलंच. क्रीपिंग रेड आडव्या खोडांनी सरकत जाऊन भोक बुजवतं.

झाडाखालचा: आणि त्याच रेडला गार, दमट हवेत रेड थ्रेड हा पातीवरचा बुरशीरोग किती धरतो तेही सांगा! हार्डला त्याचा त्रास कमी. राहिलं चुइंग्ज. ते बुटकं कापलेलं सोसतं, मान्य. पण मला बुटकं कापायचंच नाही, 7 सेंटीमीटरवर मी खूश.

दोन_पोरांची_आई: अहो, तुमच्या भांडणात मुद्द्याचं राहिलं. पोरं फुटबॉल खेळणार असतील तर यातलं काहीच नको. फाइन फेस्क्यू तुडवलेलं लवकर सावरत नाही, त्यातून कडक उन्हात मलूल झालेल्या गवतावर चाललात तर पावलांचे ठसे तपकिरी होऊन बसतात. आणि टॉल फेस्क्यू म्हणजे हेच, असं समजून पिशवी उचलू नका. ते रुंद पातीचं, वेगळं गवत आहे. मी एकदा फसले आहे.

मुळाशी_जाऊ: ताईंशी सहमत. भाऊ, तुमचं मिश्रण बिघडलं की तुमचे लाड नडले? पाणी किती देत होता?

झाडाखालचा: एक दिवसाआड. खतही जरा सढळ हातानं.

मुळाशी_जाऊ: घ्या! सतत ओल्या जमिनीत याची मुळं सडतात. खत जास्त झालं की गवताचा जुना थर साचतो, त्यात चुइंग्ज आधीच पुढे. गादी वाटली ती तीच असणार.

बी_तपासा: एक भर. बी कुठे ठेवलं होतं ते विचारा. काही वाणांच्या बियांत एंडोफाइट, म्हणजे गवताच्या आत राहणारी निरुपद्रवी बुरशी असते, ती चिंच बग या रस शोषणाऱ्या किडीला (चिंचेशी संबंध नाही!) दूर ठेवते. जुन्या, गरम जागी पडलेल्या बियांतली ही बुरशी मरून जाते. बी उगवतं, पण किडीपासूनचं ते संरक्षण गेलेलं असतं.

झाडाखालचा: बरं, पाणी तोडतो. टकलांवर थोडं क्रीपिंग रेडही टाकून बघतो. चुइंग्जची पिशवी मात्र घरात येणार नाही.