मदत हवी आहे: जुन्या टर्मिनलचा स्क्रीन आणि कीबोर्ड कसा तपासायचा? अर्जंट!

धांदलसम्राट:
एक टर्मिनल हाती आलंय, शनिवारपर्यंत ठेवतो की परत देतो ते सांगायचंय. चालू होतं, अक्षरं दिसतात, पण तासाभरात डोळे चुरचुरायला लागतात आणि कीबोर्डवर तर हातच बसत नाहीये. मुळात डिझाइनच असं आहे, का हा पीसच बिघडलेला आहे, हे कसं ओळखू? लवकर सांगा.

डार्कमोडवाला:
सेटिंगमध्ये जाऊन फाँट मोठा कर, थीम काळी कर. दोन मिनिटांचं काम.

धांदलसम्राट:
अहो स्क्रीनवरची विंडो नाही हो, पिक्चर ट्यूबवालं खरंखुरं टर्मिनल, कॉम्प्युटरला जोडायचा पडदा आणि कीबोर्ड!!

चौकस:
मॉडेल? रंग? कशाला जोडलंय? आम्ही काय ज्योतिषी आहोत का

धांदलसम्राट:
व्हीटी२२०, अंबर. सिरीयल केबलने लिनक्सला. काल व्हीआय हा एडिटर उघडला तर बाहेरच पडता येईना, एस्केपची कीच नाहीये, शेवटी प्लग काढला

जुनं_खोड:
मग कीबोर्ड ठीक आहे तुझा, एस्केप नसणं हे डिझाइनच. डेक कंपनीच्या या एलके२०१ कीबोर्डवर ती वेगळी दिलीच नव्हती, व्हीटी१०० मोडमध्ये (म्हणजे आधीच्या मॉडेलची नक्कल) एफ११ दाबायचं, नाहीतर कंट्रोल धरून डावा चौकोनी कंस, तो कुठल्याही मोडमध्ये चालतो. आणि नावं ठेवण्याआधी बाणाच्या कीज बघ, उलट्या टी सारखी ती मांडणी रूढ झाली ती याच कीबोर्डामुळे.

खटखट:
मांडणी घेऊन काय करू, दाबल्यावर लगदा दाबल्यासारखं वाटतं. आवाजसुद्धा खोटा, आतला स्पीकर टिकटिक करतो. आयबीएमचा मॉडेल एम कीबोर्ड लाव, स्प्रिंगवाला.

जुनं_खोड:
लाव म्हणजे कुठे लाव? याचा प्लग फोनच्या रिसीव्हरसारखा चार तारांचा. कन्व्हर्टर करत बसला तर शनिवार गेला. त्याने विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय.

चौकस:
स्क्रीनचं बघू. टर्मिनलला एस्केप, हॅश, आठ पाठव, सगळा पडदा ई अक्षराने भरेल. कोपऱ्यातला ई मधल्याइतकाच रेखीव दिसतो का बघ, कडेच्या ओळी वाकतात का बघ. मग बंद करून काचेवर तिरका उजेड टाक, जुनी अक्षरं जळून उमटली असतील तर दिसतील. ब्राइटनेस इतकाच ठेव की मागचा काळा काळाच राहील. आणि कॉलम, म्हणजे एका ओळीत अक्षरं, किती ठेवलेत?

धांदलसम्राट:
१३२. जास्त मावतं ना

चौकस:
अरे देवा. तेवढ्याच काचेत अक्षरं दाबून बसवलीत, डोळे दुखणार नाहीत तर काय. ८० कर.

हिरवा_फॉस्फर:
मूळ चूक अंबर घेण्यात आहे. डोळ्यांना हिरवाच बरा.

खटखट:
८० तरी का, पंचकार्डात ८० रकाने होते म्हणून?

जुनं_खोड:
हिरव्याने डोळे थंड राहतात वगैरे सोडा, मी दोन्हींपुढे वर्षं काढलीत, दोन्हीकडे चश्मा लागला.

धांदलसम्राट:
८० केलं, बराच फरक आहे. ई पण कोपऱ्यापर्यंत स्वच्छ. ठेवतोय बहुतेक. फक्त मोठी फाइल दाखवली की मधेच उलटी प्रश्नचिन्हं येतात, हे पण डिझाइनच ना?

चौकस:
बॉड रेट (केबलवरचा वेग) किती? एक्सऑन (थांब-चालू सांगणारा सिग्नल) चालू आहे का? हेही आत्ता सांगतोयस.