मदत हवी आहे : कोस्टा रिकाचा परिचय लिहिताना लिमोन या बंदराचा भाग कुठे बसवावा?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकात दर वर्षी एका अपरिचित देशाची ओळख करून दिली जाते. यंदा कोस्टा रिकाचा लेख माझ्याकडे आला आहे. माहिती पुरेशी जमली आहे, अडले आहे ते मांडणीपाशी. कच्चा खर्डा वाचून पाहिला, तर तो निव्वळ स्तुतिपाठ झाला आहे : लष्कर नाही, जंगले राखली, वीज जवळजवळ सगळी पाणी, वारा आणि भूगर्भातील उष्णता यांपासून तयार होते. यातले काहीही खोटे नाही, तरीही लेख खरा वाटत नाही.

प्राथमिक माहिती थोडक्यात आटोपली आहे. निकारागुआ आणि पनामा यांच्या मधला, क्षेत्रफळाने आपल्या पंजाबपेक्षा किंचित मोठा आणि सुमारे पन्नास लाख वस्तीचा हा देश १८२१ मध्ये स्पेनच्या अमलातून मुक्त झाला. राजधानी सान होसे मधल्या पठारावर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि बहुसंख्य लोक त्याच पठारावर राहतात.

खरा भर १९४८ वर आहे. त्या वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल संसदेने रद्द ठरवला, त्यावरून सुमारे सहा आठवडे यादवी युद्ध झाले आणि त्यात जिंकलेल्या होसे फिगेरेस यांनी १ डिसेंबरला बेयाविस्ता छावणीच्या भिंतीवर हातोडा मारून सैन्य विसर्जित केल्याचे जाहीर केले. आज त्या छावणीत राष्ट्रीय संग्रहालय असून बुरुजांवर गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात. हा प्रसंग इतका चित्रमय आहे की लेखक त्याच्या मोहात पडून पुढचे-मागचे विसरतो. फिगेरेस यांनी ज्या पक्षाचा पराभव केला, त्याचे नेते आणि माजी अध्यक्ष काल्देरोन ग्वार्दिया यांनीच कम्युनिस्ट आणि कॅथलिक चर्च या दोघांना बरोबर घेऊन १९४१ मध्ये सामाजिक विमा आणि १९४३ मध्ये कामगार संहिता आणली होती. विजेत्यांनी कम्युनिस्ट पक्षावर बंदी घातली, मात्र प्रतिपक्षाच्या या योजना मोडल्या नाहीत, उलट बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. सैन्य गेल्यावर संरक्षणाची भिस्त अमेरिका खंडातील देशांच्या सामूहिक करारावर ठेवण्यात आली आणि निकारागुआच्या बाजूने हल्ला झाला, तेव्हा त्याच कराराचा आधार घेतला गेला. माझ्या मते सैन्य नसणे हा त्या देशाचा स्वभाव नव्हे, तर नेमक्या परिस्थितीत घेतलेला आणि पुढे हिशेबाने टिकवलेला राजकीय निर्णय आहे.

अडचण पुढे आहे. पठारावरची कॉफी १८४० च्या दशकापासून ब्रिटनला जाऊ लागली, पण ती कॅरिबियन बंदरापर्यंत न्यायला वाट नव्हती. म्हणून १८७१ मध्ये त्या किनाऱ्यावरील लिमोनपर्यंतच्या लोहमार्गाचे काम सुरू झाले आणि मायनर कीथ या अमेरिकी कंत्राटदाराने ते १८९० मध्ये पुरे केले. मजूर म्हणून जमैकाहून माणसे आणली गेली, त्यांतली हजारो रोगराईने आणि अपघातांत दगावली. रुळांच्या कडेने लावलेल्या केळीच्या बागांतून १८९९ मध्ये युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली. पुढे कंपनी पॅसिफिक किनाऱ्याकडे सरकू लागली, तेव्हा तिकडच्या बागांत काळ्या मजुरांना कामावर ठेवू नये, अशी तरतूद १९३४ मध्ये कायद्यानेच करण्यात आली. लिमोनमध्येच जन्मलेल्या त्यांच्या मुलांना नागरिकत्वाचा सरळ मार्ग १९४९ नंतर मिळाला.

हा भाग शेवटी जोडला, तर तळटीप वाटतो. आरंभी घेतला, तर १९४८ चे महत्त्व समजत नाही. लेखाचा कणा कशाला करावे? तिथे राहून आलेले कोणी असल्यास रोजच्या व्यवहारातील एखादा बारीक तपशीलही सांगावा, ही विनंती.

प्रतिसाद :

कामानिमित्त काही काळ सान होसेजवळच्या हेरेदियात राहण्याचा योग आला होता, त्या आधारावर लिहितो. आपण १९४८ आणि लिमोन ही दोन प्रकरणे वेगळी धरली आहेत, म्हणून ती जुळत नाहीत. दोन्हींना जोडणारा धागा कॉफीचा आहे. छोट्या शेतकऱ्यांचा समताप्रिय देश ही प्रतिमा शाळेच्या पुस्तकांतून रुजली, पण फळ सोलून वाळवण्याचे कारखाने आणि शेतकऱ्यांना उचल म्हणून द्यायचे पैसे मूठभर घराण्यांच्या हाती होते. कॉफीपासून आरंभ करावा : तिच्यासाठी लोहमार्ग आला, लोहमार्गामुळे लिमोन आले, केळीच्या मजुरांनी १९३४ मध्ये मोठा संप केला आणि त्या संपातून बळावलेल्या कम्युनिस्टांनीच काल्देरोन यांना साथ दिली. अशा रीतीने आपण १९४८ पर्यंत आपोआप पोहोचता.

जंगलांविषयी एक सुधारणा सुचवतो. ती ‘राखली’ असे लिहू नये. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुरांच्या कुरणांसाठी तिथे बेसुमार तोड झाली. १९९६ च्या कायद्याने झाडे राखणाऱ्या जमीनमालकांना इंधनावरील करातून पैसे मिळू लागले आणि आज निम्म्याहून अधिक भूभागावर पुन्हा झाडी आहे. त्याच देशात निर्यातीच्या अननसासाठी प्रचंड कीटकनाशके फवारली जातात, हेही लिहावे.

तपशील म्हणाल तर पत्त्यांचा द्यावा. तिथे घर सांगताना रस्त्याचे नाव क्वचितच येते. ‘चर्चपासून दोनशे मीटर दक्षिणेला, मग पन्नास पूर्वेला’ असे सांगतात आणि शंभर मीटर म्हणजे एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत, मग अंतर प्रत्यक्षात कितीही असो. सान होसेला लागून असलेल्या सान पेद्रो भागात एका जुन्या वडाच्या जातीच्या झाडावरून पत्ते सांगितले जातात. झाड केव्हाच पडले, पण टॅक्सीवाल्याला ते पाठ असते. नवख्याची मात्र पहिले काही आठवडे तारांबळ उडते.

लिमोनचा शेवट १९४९ वर करू नका. आफ्रिकी वंशाच्या एप्सी कॅम्पबेल २०१८ मध्ये देशाच्या उपाध्यक्ष झाल्या, ही एक बाजू. दुसरी अशी की त्याच बंदरातून कोकेनची वाहतूक होते, २०२३ मध्ये देशातील खुनांचा तोवरचा उच्चांक झाला आणि लोकसंख्येच्या मानाने लिमोन प्रांत त्यात आघाडीवर होता. केवळ पोलिसांच्या बळावर हे आवरेल का, हा वाद तिथे आता उघडपणे चालतो. आपल्या लेखातील सैन्याचा मुद्दा या वादाशेजारी ठेवलात, तर खर्ड्यातला स्तुतीचा सूर आपोआप उतरेल.