बी विंग ग्रुप: कपाटाची दारं, बजेट १५ हजार

अश्विनी (४०२): नमस्कार. एक सल्ला हवा होता. आधीच्या मालकांनी फ्लॅटमध्ये ठेवून दिलेलं बेडरूमचं कपाट आहे. ६ फूट रुंद, ७ फूट उंच, चार दारं, वर दोन फुटांचा लॉफ्ट. प्लाय दणकट आहे, वाळवी नाही. पण दारं अगदी सपाट, चॉकलेटी सनमायका आणि पिवळ्याधमक मुठी. खोली दिवसासुद्धा अंधारी वाटते. नवीन कपाट परवडणार नाही. १५ हजारांत नुसत्या दारांचं काही करता येईल का? गणपतीला सासरची मंडळी येणार आहेत, त्याआधी व्हायला हवं.

अश्विनी (४०२): [फोटो]

मनीषा (१०१): स्टिकरवाला वॉलपेपर लाव गं. ऑनलाइन रोल मिळतो. मी आणि लेकीने एका दुपारी लावला, संगमरवरी डिझाइन. हजारभर रुपयांत काम झालं.

समीर (६०३): वहिनी, नका लावू. आमच्याकडे पहिल्याच पावसात कोपरे सुटले. चिरंजीवांना तो खेळच झाला, रोज थोडं थोडं सोलतात. आता अर्धं कपाट संगमरवर, अर्धं सागवान.

मनीषा (१०१): आमचं मागच्या दिवाळीपासून जसंच्या तसं आहे हां समीर.

समीर (६०३): 😂 मग आमच्या हाताचाच गुण म्हणायचा.

देसाई काका (२०१): हाताचा गुण नाही रे. मनीषाचं कपाट गुळगुळीत चकचकीत सनमायकाचं आहे, मी पाहिलंय. तुझं खरखरीत, रेषारेषांचं. स्टिकरचा गोंद त्या उंचवट्यांवरच टेकतो, खालच्या खाचांत हवा राहते. त्यात डोंबिवलीचा दमटपणा. सुटणारच. अश्विनी, तुझ्या दारावर नख फिरवून बघ, अडकतं का?

अश्विनी (४०२): अडकतं काका. लाकडासारख्या रेषा आहेत.

देसाई काका (२०१): मग स्टिकर विसर.

सुलभा काकू (३०३): अगं, एखाद्या दाराला आरसा लाव, खोली मोठी दिसते. फक्त पलंगासमोरचं दार नको. झोपलेल्या माणसाचं प्रतिबिंब पडू नये म्हणतात.

समीर (६०३): काकू, चारही दारं पलंगासमोरच आहेत, फोटो बघा.

सुलभा काकू (३०३): मग नको बाई.

देसाई काका (२०१): वास्तूचं तुम्ही बघा, मी वजनाचं सांगतो. ४ मिलीमीटर जाडीची काच एका चौरस मीटरला १० किलो भरते. ५ फूट बाय सव्वा फुटाचा आरसा म्हणजे जवळपास ६ किलो. तेवढं ओझं जुन्या हिंजवर (बिजागऱ्यांवर) टाकायचं का, ते आधी ठरवा. लावायचाच तर दाराच्या आतल्या बाजूला लहान लावा आणि तो चिकटवायचं सिलिकॉन न्यूट्रल आहे ना ते विचारून घ्या. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो त्याने आरशाच्या मागचा मुलामा खराब होतो, काही महिन्यांत काळे डाग पडतात.

देसाई काका (२०१): आणि हिंजवरून आठवलं. अश्विनी, फोटो मोठा करून पाहिला. तिसरं दार खाली बसलंय ना? खालच्या कडा एका रेषेत नाहीत.

अश्विनी (४०२): हो! ते थोडं उचलूनच लावावं लागतं. आम्हाला सवयच झालीय.

देसाई काका (२०१): तेच तर. कपाट जुनाट दिसतंय ते निम्मं त्यामुळे. दोन दारांमधली फट वर एक सूत (इंचाचा आठवा भाग) आणि खाली तीन सूत असेल, तर वर कितीही भारी सनमायका लावा, नजर त्या वाकड्या फटीवरच जाणार. आधी हिंज, मग मुठी, मग रंगरूप. चाळीस वर्षं फर्निचर कारखान्यात काढली, लोक नेमकं उलटं करतात.

मनीषा (१०१): काका, हिंज बदलायला सुतार लागतो की घरच्या घरी होतं?

देसाई काका (२०१): नुसतं दार सरळ करायचं असेल तर स्क्रू ड्रायव्हर पुरे. ऑटो हिंजला, म्हणजे आतून बसवलेल्या, दार आपोआप ओढून घेणाऱ्या बिजागरीला, दोन स्क्रू दिसतात. पुढचा फिरवला की दार डावीउजवीकडे सरकतं. मागचा ढिला केला की दार आतबाहेर होतं. वरखाली करायचं तर हिंज कपाटाला ज्या पट्टीवर बसतो तिचे दोन स्क्रू सैल करायचे, एकाने दार उचलून धरायचं, दुसऱ्याने आवळायचे. एकट्याने करू नका, ७ फुटी दार अंगावर येतं.

देसाई काका (२०१): स्क्रू नुसताच गोल गोल फिरत असेल तर भोक मोठं झालंय. काडेपेटीच्या काड्या गुल काढून फेविकॉलमध्ये बुडवायच्या, भोकात ठोकायच्या, रात्रभर वाळू द्यायचं, मग त्यातच स्क्रू. मस्त पकडतो.

प्रणव (५०४): काका भारी 🙏 आजच करतो. आमचा फ्लॅट भाड्याचा आहे, आणखी काही करायची सोय नाही.

देसाई काका (२०१): भाड्याच्या घरात मुठी बदल. जुन्या पिशवीत भरून ठेव, जाताना परत लाव. फक्त माप बरोबर घे. मुठीची पूर्ण लांबी नाही मोजायची, दोन स्क्रूंच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं. साधारण ९६ किंवा १२८ मिलीमीटर निघेल. तेवढ्याच अंतराची नवी घेतलीस की नवीन भोक पाडावं लागत नाही.

सेक्रेटरी (ए विंग): सूचना: उद्या सकाळी ११ ते १ टाकी सफाई आहे, पाणी भरून ठेवावे.

वैशाली (७०२): अश्विनी, मी म्हणेन पट्ट्या मारून घे. दारावर चौकट केल्यासारखी पाइनची बीडिंग लावायची आणि सगळं एकाच रंगात रंगवायचं. फार सुंदर दिसतं. माझ्या बहिणीने पुण्यात केलंय, हलका राखाडी हिरवा रंग.

सुलभा काकू (३०३): आणि त्या पट्ट्यांवरची धूळ कोण पुसणार? चार दारं म्हणजे सोळा पट्ट्या झाल्या.

वैशाली (७०२): काकू, दर रविवारी भाऊजींना कामाला लावू 😄

देसाई काका (२०१): दिसतं छान, नाकारत नाही. पण सनमायकावर रंग सहजासहजी धरत नाही. आधी पॉलिश पेपरने सगळी चकाकी घालवायची, मग चिकटणारा प्रायमर, मग रंगाचे दोन हात. आत्ता श्रावणात प्रत्येक हात वाळायला उन्हाळ्याच्या दुप्पट वेळ घेणार. वरून कोरडा वाटतो, आतून मऊ असतो. गणपतीच्या पाहुण्यांची बोटं उमटतील. दिवाळीनंतर करायचं असतं तर मीच म्हटलं असतं, कर.

वैशाली (७०२): हं, हे पटलं.

अश्विनी (४०२): मग नवीन सनमायकाच का काका? जुना काढावा लागेल?

देसाई काका (२०१): अजिबात काढू नका. गरम करून ओढला तर बरोबर प्लायचा वरचा पापुद्रा येतो, मग खड्डे भरत बसा. जुन्यावरच बसवायचा. पण दोन गोष्टी मिस्त्रीकडून आधी वदवून घ्या.

देसाई काका (२०१): पहिली, चिकटवायचं कशाने. पांढरा फेविकॉल पाण्याचा असतो. तो वाळतो कारण लाकूड पाणी शोषतं. इथे खाली सनमायका, वर सनमायका, पाणी जाणार कुठे? म्हणून जुना आधी जाड पेपरने खरवडायचा आणि रबराचं सोल्युशन वापरायचं. दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, त्यामुळे हात बसलेला माणूस हवा. वास उग्र असतो, पेटही घेतं. खिडक्या उघड्या, आणि तेवढा वेळ घरात देवासमोरचा दिवा, गॅस, उदबत्ती सगळं बंद.

देसाई काका (२०१): दुसरी, वजन. १ मिलीमीटरच्या सनमायकाने तुमच्या एका दाराला जवळपास दीड किलो वाढतं. आत्ता दाराला किती हिंज आहेत?

अश्विनी (४०२): तीन.

देसाई काका (२०१): ७ फुटांना चार करून घ्या. बाहेरून जास्तीचा थर चढला की उंच दार पुढे कमान मारायला बघतं, चार ठिकाणी धरलेलं असलं की आवरतं. आणि हिंज आणताना दुकानदाराला सांगा, कडेच्या पॅनलवरच्या दारांना ० नंबर, मधल्या एकाच पार्टिशनवर दोन दारं टेकत असतील तिथे ८ नंबर. सगळे एकसारखे आणले तर मधली दारं एकमेकांवर चढतील.

समीर (६०३): काका, तुम्ही यूट्यूब चॅनल काढा.

देसाई काका (२०१): आधी तुझं संगमरवर सोलून देतो, मग बघू. खोबरेल तेल लावून ठेव, गोंद सुटेल.

महेश (४०२): अश्विनीचा नवरा इथून. हिशोब मांडतोय. दारं ४२ चौरस फूट, लॉफ्ट १२, एकूण ५४. सनमायकाची शीट ८ बाय ४ म्हणजे ३२. दोन शीट ६४. म्हणजे दोन शीटमध्ये सगळं बसून १० फूट उरतं. बरोबर ना?

देसाई काका (२०१): कागदावर बरोबर, करवतीखाली नाही. तुमचं दार दीड फूट रुंद. चार फुटांच्या शीटमधून दोनच दारं निघतात, बाजूला एक फुटाची लांब पट्टी उरते. लॉफ्टचं दार दीड बाय दोन. ते त्या पट्टीतून कसं काढणार? लॉफ्टसाठी तिसरी शीट लागते.

महेश (४०२): 😶 खरंच की.

वैशाली (७०२): लॉफ्ट भिंतीच्याच रंगात रंगवा ना! मुठी काढून टाका, खालून ढकलून उघडणारी कळ लावा. लॉफ्ट आहे हेच कळणार नाही, खोली उंच वाटेल. तिथपर्यंत कोणाचे हात पोचत नाहीत, त्यामुळे रंग वाळायला वेळ लागला तरी चालेल.

देसाई काका (२०१): वा वैशाली. हे मला सुचलं नव्हतं. तिसरी शीट वाचली.

अश्विनी (४०२): खूपच आवडलं. भिंत ऑफ व्हाइट आहे, मग दारांना काय घेऊ? मला गडद निळा मॅट आवडलाय.

मनीषा (१०१): अंधाऱ्या खोलीत गडद निळा?

सुलभा काकू (३०३): आणि गडद मॅटवर बोटांचे डाग दिसतात. माझ्या सुनेच्या किचनला आहे. दिवसभर फडकं हातात.

देसाई काका (२०१): फिकट घ्या. लाकडी रेषांचं डिझाइन घेतलंत तर चारही दारांवर रेषा उभ्याच आल्या पाहिजेत. दुकानात हातभर तुकडा बघून ठरवू नका, तो घरी आणा, दाराला टेकवून संध्याकाळी ट्यूबलाइटखाली बघा.

महेश (४०२): आमच्या दुकानदाराने सांगितलेले दर: दोन शीट ३६००, सॉफ्ट क्लोज हिंज १६ नग ३२००, सोल्युशन १५००, चार लांब मुठी १४००, कडांच्या पट्ट्या ५००, लॉफ्टचा रंग आणि प्रायमर ७००, मिस्त्री आणि हेल्पर दोन दिवस ४५००. टोटल १५,४००. चारशे वर गेले.

समीर (६०३): मुठी स्वस्तातल्या घ्या.

देसाई काका (२०१): मुठी नका कमी करू, रोज हात तिथेच जातो. सॉफ्ट क्लोज सोडा. साधे चांगल्या कंपनीचे घेतले तर निम्म्या किमतीत येतील. दार हळू लागलं नाही म्हणून कोणाचं अडत नाही. वेळ असेल तर मुंबईत सी. पी. टँकला जाऊन या, हार्डवेअरची दुकानंच दुकानं आहेत.

अश्विनी (४०२): पण मला ते हळूच बंद होणारं फार आवडतं हो काका 🥺

महेश (४०२): साधे.

सुलभा काकू (३०३): 😂😂

रेखा (८०१): आमचं स्लायडिंग आहे, आम्ही पट्ट्या लावू शकतो का?

देसाई काका (२०१): बाहेरच्या दाराला हो. आतल्या दाराला पट्टी किंवा बाहेर आलेली मूठ लावलीत तर सरकवताना बाहेरच्या दाराला घासेल. दोन दारांमधलं अंतर मोजा, बहुतेक बोटभरही नसतं. आत खोबणीतली मूठ लावा.

प्रणव (५०४): काका, आमच्या पांढऱ्या कपाटाला थोडा रंग आणायचाय, पण घरमालक चिडायला नको. काही आयडिया?

वैशाली (७०२): खणाचं कापड! पातळ हार्डबोर्ड दारापेक्षा चार बोटं लहान कापून घे. त्यावर पाणी घातलेल्या फेविकॉलने खण ताणून चिकटव, कडा मागे दुमड. पूर्ण वाळला की काढता येणाऱ्या दुहेरी टेपने दारावर लाव. दोनच दारांना कर, चारही केलेस तर लग्नाचा हॉल वाटेल.

सुलभा काकू (३०३): माझ्याकडे इरकलीचा जुना पदर आहे, काठ चांगले आहेत. हवा असेल तर घेऊन जा रे प्रणव. पेटीत नुसता पडलाय.

प्रणव (५०४): काकू, संध्याकाळी येतो. चहा पण घेईन.

अश्विनी (४०२): आमचं ठरलं मग. फिकट रंग, लॉफ्ट भिंतीच्या रंगात, १६ हिंज. साधे 😒. काका, तुमच्या ओळखीचा मिस्त्री मिळेल का?

देसाई काका (२०१): नंबर खासगीत पाठवतो. शनिवारी माप घ्यायला येईल. ॲडव्हान्स मागितला तर शीटचे पैसे तुम्हीच दुकानात द्या, त्याच्या हातात फक्त मजुरी. आणि पहिलं दार पूर्ण बसवून दाखवल्याशिवाय दुसरं कापू देऊ नका.

सेक्रेटरी (ए विंग): ४०२ यांनी नोंद घ्यावी: ठोकाठोकी व कटिंग सकाळी १० ते २ आणि दुपारी ४ ते ६. कटिंग टेरेसवर नाही, पार्किंगच्या मागे. शीट लिफ्टमध्ये बसत नाही, जिन्याने न्यावी. सोल्युशनचे रिकामे डबे ओल्यासुक्या कचऱ्यात टाकू नयेत, मिस्त्रीला परत न्यायला सांगावे.

महेश (४०२): चौथ्या मजल्यावर जिन्याने दोन शीट. समीर, शनिवारी घरी आहेस ना?

समीर (६०३): मी गावाला चाललोय.

मनीषा (१०१): कालच तर म्हणालास शनिवारी मॅच बघायला या 😂