गाझी कशाने बुडाली? माझं मत: बॅटरीतल्या हायड्रोजनने

खारवा:
३-४ डिसेंबर १९७१ च्या मध्यरात्री विशाखापट्टणमच्या तोंडाशी पाकिस्तानची पाणबुडी गाझी बुडाली. आपल्याकडे श्रेय 'राजपूत' विनाशिकेच्या दोन डेप्थ चार्जना (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब), तर पाकिस्तान म्हणतं तिने स्वतःच पेरलेल्या सुरुंगांनी घात केला. मला दोन्ही पटत नाही. बोट मूळची अमेरिकन 'डायाब्लो', दुसऱ्या महायुद्धातली. पुढच्या-मागच्या बॅटरी कप्प्यांत प्रत्येकी १२६ लेड-ॲसिड सेल. चार्जिंग संपत आलं की सेलमधलं पाणी फुटून हायड्रोजन सुटतो, चार्जिंग थांबवल्यावरही काही वेळ सुटतच राहतो. एक्झॉस्ट पंखा बंद पडला किंवा डक्टची झडप चुकून बंद राहिली की हवेत प्रमाण ४ टक्क्यांवर जातं. मग एका स्विचची ठिणगी पुरते.

नाळेवरून:
खारवाशेठ, नुकसान कुठे झालंय ते आधी बघा. खाली उतरलेल्या डायव्हरना नाळेकडचा (पुढच्या टोकाचा) भाग फाटलेला मिळाला, म्हणजे पुढचा टॉर्पेडो कप्पा. बॅटरी त्याच्या मागे, अधिकाऱ्यांच्या केबिनखाली. १९४९ मध्ये नॉर्वेच्या उत्तरेला अमेरिकन पाणबुडी 'कोचिनो'च्या बॅटरीत हायड्रोजनचे स्फोट झाले, तरी ती जवळपास १५ तास तरंगली, माणसं सोबतच्या 'टस्क' पाणबुडीवर चढवता आली. बॅटरीचा स्फोट बोट आतून भाजून काढतो. नाळ उडवायला शेकडो किलो दारूगोळा लागतो.

खारवा:
कोचिनो लगेच वर आली म्हणून तेवढे तास मिळाले. गाझी पाण्याखाली असेल तर हिशोबच वेगळा. आणि दारूगोळा टॉर्पेडो कप्प्यात होताच की! आग बॅटरीतून बल्कहेडपलीकडे (दोन कप्प्यांमधली भिंत) गेली, वॉरहेड (टॉर्पेडोची स्फोटक टोकं) तापले, फुटले. २००० साली रशियन पाणबुडी 'कुर्स्क'वर आधी टॉर्पेडोचं इंधन पेटलं आणि सव्वादोन मिनिटांनी वॉरहेड गेले.

दर्यासारंग:
राजपूतला दोघांनीही फार लवकर मोडीत काढलंत. त्या पिढीच्या ब्रिटिश डेप्थ चार्जमध्ये साधारण १३० किलो स्फोटक. कवच फोडायचं तर ६-७ मीटरच्या आत फुटायला हवा, अंधारात दोनच टाकून ते म्हणजे लॉटरी, मान्य. पण कवच फुटायलाच हवं असं कुठे आहे? लांबूनचा धक्काही जुन्या सेलच्या पेट्या तडकवतो, ब्रेकर पाडतो, पंखे थांबवतो. पुढे खारवांचा हायड्रोजन आहेच.

नाळेवरून:
वेळ जुळवून दाखवा. राजपूत मध्यरात्रीच्या जरा आधी बंदराबाहेर पडली, मोठा धमाका सव्वाबाराच्या सुमारास. इतक्या मिनिटांत शून्यापासून गॅस साठेल? त्यापेक्षा स्वतःचाच सुरुंग साधा वाटतो. पेरल्यावर तो ठराविक वेळाने जिवंत होतो, आणि रात्री किनारा चुकला की बोट पुन्हा त्याच पट्ट्यावर येते.

खारवा:
शून्यापासून का? चार्जिंग चालू असतानाच पंखे थांबले तर गॅस आधीपासून असतोच. आणि सुरुंग असेल तर पत्रे आत दबलेले हवेत. २०२४ मध्ये नौदलाच्या डीएसआरव्हीने (खोल पाण्यातलं बचाव यान) सांगाडा शोधला. टॉर्पेडो कप्प्याच्या फाटलेल्या कडा आत वळलेल्या आहेत असा एक स्वच्छ फोटो दाखवा, मी मत बदलतो.