व्यापार करारांची बोलणी: सरकारला मोकळीक हवी की संसदेचा लगाम?

निफाडचा बागायतदार: युरोपशी मुक्त व्यापाराची बोलणी २००७ ला सुरू झाली, २०१३ ला अडकली, ती २०२२ लाच पुन्हा सुरू झाली. त्याच २०१३ मध्ये पेरू देशाचा युरोपशी करार लागूही झाला. मणी १८ मिलिमीटरचा, रेसिड्यूचा म्हणजे औषधांच्या अंशाचा रिपोर्ट स्वच्छ, पनेट म्हणजे प्लास्टिकची डबी तोलून भरलेली, तरी नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात आमच्या द्राक्षांना आयातशुल्क आणि पेरू-चिलीच्या मालाला माफी. वर्षानुवर्षं हेच चाललं. म्हणून माझं मत, बोलणी करणाऱ्यांना पूर्ण अधिकार द्या. अमेरिकेत काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, सरकारला तसा मुदतीचा अधिकार द्यायची: करार आणा, दुरुस्त्या न करता हो किंवा नाही सांगू.

दूधवाला, संगमनेर: दादा, अमेरिकेचं अर्धंच सांगितलंत. तिथे काँग्रेस आधी उद्दिष्टं लिहून द्यायची आणि शेवटी मतदान घ्यायची. तो अधिकारही २०२१ मध्ये संपला. आपल्याकडे करार करायला संसदेची मंजुरी लागतच नाही. शेती राज्यसूचीत, पण परदेशांशी करार केंद्रसूचीत, त्यामुळे राज्याला विचारायचंही बंधन नाही. याहून मोकळीक ती कोणती? न्यूझीलंडची दूध भुकटी स्वस्तात आली तर आमच्या गोठ्याचं काय, ही धास्ती 'आरसेप' या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार कराराच्या वेळी होती. नोव्हेंबर २०१९ ला भारत त्यातून बाहेर पडला, पण तोवर शेतकरी संघटनांना रस्त्यावर उतरावं लागलं होतं.

कांदा उत्पादक, लासलगाव: तुम्ही दोघं करारावर भांडताय, आमचं नुकसान घरच्याच आदेशाने झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरमध्ये थेट बंदी. ती मे २०२४ मध्ये उठली, पण निर्यातशुल्क लागलंच. ते पूर्ण जायला एप्रिल २०२५ उजाडलं. परदेशी गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या देशाकडे वळलं की परत आणायला नाकी नऊ येतात. बोलणीचा अधिकार द्या खुशाल, पण रातोरात निर्यात बंद करायचा अधिकार आधी आवरा.

निफाडचा बागायतदार: कांद्याचं शंभर टक्के पटतं. संसदेतली चर्चाही मान्य, पण ती बोलणीच्या आधी, एकदाच व्हावी. नंतर कलमाकलमाला अडवलं तर समोरचा देश आपल्याशी बोलायलाच बसणार नाही.

दूधवाला, संगमनेर: चालेल. मग दूध भुकटी कराराबाहेर, हे त्या आधीच्या चर्चेतच लेखी घ्या. अर्धवट वाटाघाटीत आमचा बळी जाता कामा नये.