प्लांट हेडच्या भाच्याची वर्णी लागली. गप्प बसावे की बोलावे?

प्रश्न : उद्यमबागकर

नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात मी अकरा वर्षे नोकरी करत आहे. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीचे मशीनिंग हे आमचे मुख्य काम. आमचे विभागप्रमुख निवृत्त होणार हे वर्षभर आधीच ठाऊक होते आणि गेल्या दिवाळीत, बोनसच्या दिवशी, प्लांट हेड साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून ती जागा तुमचीच आहे असे सांगितले होते. जूनमध्ये त्या जागी त्यांच्या बहिणीचा मुलगा आला. अर्ज मागवले नाहीत, मुलाखती झाल्या नाहीत. सोमवारी सकाळी फलकावर पत्रक लागले, एवढेच.

मुलगा स्वभावाने वाईट नाही, परंतु त्याला या कामाचा अनुभव नाही आणि त्याला शिकवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ऑगस्टमध्ये त्याने रिंग गेजवर (ठरलेल्या मापाच्या कड्यावर) शून्य न जुळवताच बोअर गेज, म्हणजे छिद्राचा व्यास मोजायचे साधन, हाती घेतले आणि 140 नग पास केले. ग्राहकाने सगळा माल परत पाठवला, तेव्हा तपासणीच्या अहवालावर सही करण्यासाठी मात्र मला बोलावण्यात आले. मी सही केली नाही, आणि तेव्हापासून साहेब माझ्याशी कामापुरतेच बोलतात.

माझ्याइतकाच पात्र असलेला एक कन्नड सहकारीही डावलला गेला आहे. साहेब आणि त्यांचा भाचा दोघेही मराठी आहेत, म्हणून आमच्यातील काही जण मला सांगतात की आपल्या माणसाविरुद्ध तक्रार करू नये. सीमेपलीकडे महाराष्ट्रात असलेल्या शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीतून मला बोलावणे आहे, पण पगार कमी आहे आणि घराचे हप्ते चालू आहेत. मी काय करावे?

उत्तर : फौंड्रीतले काका

मी छत्तीस वर्षे फौंड्रीत काढली, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो. मालकाने आपल्या मुलाला गादीवर बसवले तर मला त्याचे फारसे वाईट वाटत नाही, कारण भांडवल त्याचे असते आणि मुलगा नालायक निघाला तर बुडणारे घरही त्याचेच असते. पगारी अधिकाऱ्याने भाच्याची सोय लावणे ही वेगळी गोष्ट आहे. तो दुसऱ्याच्या ताटातले वाढून आपले नाते जपत असतो. मीही एकदा पुतण्यासाठी शब्द टाकला होता. तो कामाला चोख निघाला, तरीही माझ्या हाताखालच्या माणसांनी पुढची दोन वर्षे माझ्यासमोर मोकळेपणाने तोंड उघडले नाही, आणि ते नुकसान मला फार उशिरा कळले.

आपल्या माणसाविरुद्ध बोलू नये, हे म्हणणे मला अजिबात पटत नाही. भाषेमुळे आपल्याला डावलले जाते अशी तक्रार या भागात आपण वर्षानुवर्षे करत आलो आहोत. तोच अन्याय मराठी साहेबाने एका मराठी आणि एका कन्नड माणसावर केला असताना आपण मूग गिळून बसलो, तर त्या तक्रारीला कोणते तोंड उरते? तुम्ही दोघांनी मिळून वरिष्ठांकडे जावे.

उत्तर : खानापूरची माहेरवाशीण

दादा, मी पुण्यात एका मोठ्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागात आहे. तो भाचा आहे, हा मुद्दा अर्जात पुढे करू नका. नात्यावर बोट ठेवले की प्रकरण वैयक्तिक आकसाचे ठरते आणि वरिष्ठांना ते झटकणे सोपे जाते. त्याऐवजी या पदासाठी कोणते निकष ठरवले होते, ते कोणी आणि केव्हा ठरवले, आणि त्या निकषांवर तुम्हा दोघांचे मूल्यमापन झाले का, एवढेच लेखी विचारा. वशिल्याने झालेल्या नेमणुकीत सहसा निकषच लिहिलेले नसतात, त्यामुळे या साध्या प्रश्नाला उत्तर देणे अवघड जाते. आमच्याकडे उमेदवार नात्यातला असेल तर अधिकाऱ्याला ते आधी जाहीर करावे लागते आणि मुलाखतीच्या मंडळातून बाजूला व्हावे लागते. असा नियम तुमच्याकडे नसेल, तर तो करावा अशी मागणी त्याच अर्जात घाला.

सही नाकारलीत हे फार चांगले केलेत. त्या दिवशी कोणते गेज कोणाच्या हाती होते याची नोंदवही जपून ठेवा.

उत्तर : कायद्याचा विद्यार्थी

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. 2013 च्या कंपनी कायद्याचे कलम 188 संचालकांच्या व प्रमुख अधिकाऱ्यांच्या नातेवाइकांना दिलेल्या लाभाच्या पदांवर काही बंधने घालते. परंतु कायद्यातील नातेवाइकांच्या यादीत पती-पत्नी, आईवडील, मुले, सून, जावई, भावंडे असे जवळचेच लोक येतात. भाचा आणि मेहुणा त्यात नाहीत. आपला गोतावळा कायद्याच्या गोतावळ्यापेक्षा बराच मोठा आहे.

1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात गुणवत्ता न पाहता काही कामगारांना झुकते माप देणे ही अनुचित प्रथा म्हणून नोंदवली होती, आणि त्या कायद्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती नोंद आहे. अडचण अशी की पर्यवेक्षक म्हणून काम करणारा आणि महिन्याला 18,000 रुपयांहून अधिक वेतन घेणारा माणूस त्या संहितेच्या व्याख्येत कामगार ठरत नाही. उद्यमबागकर, तुमच्याकडे पर्यवेक्षणाचे काम असेल तर हा रस्ता तुम्हाला बहुधा बंद आहे. अनुचित कामगार प्रथांविषयीच्या महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यातही पक्षपाताची हीच नोंद आहे, पण शिनोळीला गेल्याने ही अडचण सुटेल असे समजू नका, कारण कामगार कोणाला म्हणायचे हा प्रश्न तिथेही येतो.

पुन्हा उद्यमबागकर

सर्वांचे मनापासून आभार. काका, तुमचा परिच्छेद मी माझ्या सहकाऱ्याला कन्नडमध्ये सांगितला. तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग अर्जावर आपले नाव पहिले घालावे असे म्हणाला, कारण त्याची नोकरी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी जुनी आहे. ताईंनी सांगितलेले प्रश्न आम्ही जसेच्या तसे घेतले आणि भाचा हा शब्द कुठेही लिहिला नाही. काल तो अर्ज व्यवस्थापकीय संचालकांच्या कार्यालयात दिला आणि प्रतीवर पोचेचा शिक्का घेतला. शिनोळीच्या लोकांकडून मी महिनाअखेरपर्यंत मुदत मागितली आहे. आज सकाळी त्या मुलाने स्वतःहून येऊन रिंग गेज कसे लावायचे ते विचारले, आणि मी त्याला दाखवले.